घर पाहावे बांधून

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, ही म्हण आपल्या घरांतून इतकी रुळली आहे की तिच्यातल्या ‘पाहावे’ ह्या शब्दाकडे कोणाचे लक्षच जात नाही. लग्न करावे, घर बांधावे, असे म्हण सांगत नाही. ती म्हणते, करून पाहा म्हणजे कळेल! दोन्ही कार्यांत अंदाज केलेला खर्च आणि झालेला खर्च यांची गाठ सहसा पडत नाही, हा शेकडो वर्षांचा अनुभव तिच्यात साठवलेला आहे. त्यातही लग्न चार दिवसांत उरकते. घराचे मात्र तसे नाही. भिंती उभ्या राहतात, वास्तुशांत होते, पाहुणे जेवून जातात, आणि मग घरबांधणीचा खरा हिशेब सुरू होतो.

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतून किल्ले, लढाया आणि तह यांना भरपूर जागा मिळाली. पण साध्या माणसाने डोक्यावर छप्पर कसे घातले, त्याला पैसा कोठून मिळाला, तो त्याने कसा फेडला, ह्याला कोणी फारशी पाने दिली नाहीत. दिवाळी हा हिशेबाचाही सण आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी आपल्या वह्यांना हळदकुंकू वाहतात. त्याच निमित्ताने मराठी घराच्या खर्चाची ही जुनी वही आपणही जरा उलगडून पाहू.

तिची सुरुवात एका मोठ्या घरापासून केली तर बरे. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया थोरल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी त्याची वास्तुशांत झाली. जुन्नरच्या जंगलातले सागवान, चिंचवडचा दगड आणि जेजुरीचा चुना आणून उठवलेल्या ह्या वाड्याला १६,११० रुपये खर्च आला, असा आकडा नेहमी सांगितला जातो. आज तेवढ्या पैशांत एका सागवानी दाराची चौकट आणि फळ्या येतील न येतील. पण म्हणून तो काळ स्वस्ताईचा होता असे समजून उसासा टाकण्याचे कारण नाही. रुपया स्वस्त की महाग हे त्याच्यावरच्या आकड्यावरून ठरत नाही. तो मिळवायला किती घाम गाळावा लागतो, त्यावरून ठरते. आणि त्या काळी पैसा मिळवणे खुद्द पेशव्यालाही सोपे नव्हते. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे बाजीरावाचे गुरू. तसेच ते त्याचे सावकारही होते. कर्जाच्या तगाद्याने तो किती गांजलेला होता, हे त्या काळच्या पत्रव्यवहारातून दिसते. ज्याच्या घोड्यांना नर्मदेचे पाणी अडवू शकले नाही, त्याला देणेकऱ्याची चिंता चुकली नाही. मग आपल्यासारख्यांची काय कथा? शेवटी १८२८ साली लागलेल्या आगीत तो वाडा आतून जळून गेला आणि दगडी तट तेवढा उरला. पेशव्यांचे देणे आणि घेणे त्याच्या दहा वर्षे आधीच संपले होते.

* * *

वाड्यातून गावात आलो म्हणजे हिशेबाची रीत बदलते. गावातले घर रुपयांत मोजले जात नसे, ते खणांत मोजले जाई. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. तीन खणांचे घर, पाच खणांचे घर, असे म्हटले की घराचा आकार, मालकाची ऐपत आणि खर्चाचा अंदाज ह्या तिन्ही गोष्टी ऐकणाऱ्याला एकदम कळत. देशावर पांढरीच्या मातीच्या भिंती आणि वर मातीचे धाबे. कोकणात जांभ्या दगडाचे चिरे आणि वर उतरते कौलारू छप्पर. माती गावची, दगड जवळच्या खाणीचा, शेण गोठ्यातले आणि सारवायला घरचे हात. सुताराला आणि लोहाराला बलुत्याप्रमाणे खळ्यावर धान्य मिळे. रोकड लागे ती मुख्यतः लाकडाला. खांब, तुळया आणि वासे यांचे पैसे साठले की घर निम्मे झाले, असे माणसे मानत. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, ह्या म्हणीत वासेच का आले, हे लाकडाचे मोल ध्यानात घेतले म्हणजे अधिक उमगते.

त्या घरांची आणखी एक खूण होती. ती एकदम पुरी होत नसत. आधी मधले तीन खण, मग पडवी, मग गोठा. थोरल्याचे लग्न ठरले की माजघराच्या मागे एक खोली. आणि एखादे वर्ष चांगले पिकले की वर माडी. दोनदोन पिढ्या घर बांधतच असत. आज आपण त्याला अर्धवट बांधकाम म्हणू, पण हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर ही फार शहाणपणाची पद्धत होती. जेवढा पैसा हाती आला तेवढीच भिंत उठली. न उठलेल्या भिंतीवर कोणाला व्याज द्यावे लागले नाही.

कोकणच्या घरांची गोष्ट थोडी वेगळी. तिथल्या भिंती चिऱ्यांच्या खऱ्या, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांचा पाया मुंबईत असे. बाप्या माणूस गिरणीत, गोदीत किंवा एखाद्या पेढीवर. बायको, मुले आणि म्हातारी माणसे गावी. १८८० साली टपालखात्याची मनीऑर्डर सुरू झाली आणि १८८२ साली टपाल बचत बँक. घामाचा पैसा वाटेत न हरवता घरी पोचवणारा आणि न पोचवायचा तो राखून ठेवणारा असे दोन भरवशाचे गडी कोकणाला मिळाले. त्याच सुमारास मंगळुरी कौलेही आली. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना काढला होता. जुनी नळीची कौले दर वर्षी चाळावी लागत, माकडांनी नाचून फोडली तर पुन्हा बसवावी लागत. मंगळुरी कौल एकदा बसले की पुष्कळ वर्षे पाहायला नको. पण नळीचे कौल गावचा कुंभार करी. मंगळुरी कौलाला रोख पैसे मोजावे लागत. ते पैसे परळ-लालबागच्या एकेका खोलीत वीस-वीस जणांनी पाळीपाळीने झोपून, खानावळीत जेवून वाचवलेले असत. गावचे घर मोठे होत गेले, ते बांधणाऱ्याच्या वाट्याला मात्र शहरात एक वळकटी आली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत, आणि त्यांच्या जमिनींवर गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या घरांची सोडत निघेपर्यंत २०१२ साल उजाडले. तोवर कितीतरी कामगार हयात नव्हते.

* * *

आता सावकाराकडे वळू. त्याच्याविषयी आपल्या कथा-कादंबऱ्यांनी इतके लिहिले आहे की तो म्हणजे पगडी घातलेला राक्षसच अशी समजूत व्हावी. मी स्वतःही त्या पापात वाटेकरी आहेच! पण त्याचा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे, कारण आजच्या गृहकर्जाची बरीचशी कलमे त्याच्या वहीतून आलेली आहेत.

सावकाराचा दर वर्षावर नसे, महिन्यावर असे. ‘दरमहा दर शेकडा दोन रुपये’ हे ऐकायला किती हलके वाटते! आठवीतल्या मुलाला विचारले तर तो सांगेल, की हे सालाचे शेकडा चोवीस झाले. पाचशे रुपये कर्ज काढले तर महिन्याला दहा रुपये व्याज. ते दिले नाही तर पन्नास महिन्यांत, म्हणजे चार वर्षे दोन महिन्यांत, व्याज मुद्दलाएवढे होते. येथे आपल्या धर्मशास्त्राने एक बांध घातलेला होता. त्याचे नाव दामदुपट. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येणार नाही, असा तो नियम. मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी न्यायालयांनीही हिंदू ऋणकोच्या बाबतीत तो मानला. पण बांध आला की पाणी दुसरी वाट शोधते. पाचशेचे हजार झाले की सावकार जुना कागद फाडून हजाराचा नवा कागद करून घेई. कालचे व्याज आज मुद्दल झाले, आणि त्याच्यावर पुन्हा दरमहा वीस रुपये धावू लागले. त्याशिवाय कर्ज देतानाच ‘मनोती’ म्हणून काही रक्कम कापून घेतली जाई ती वेगळीच. कागद पुऱ्या रकमेचा, हाती येई ती त्याहून कमी.

आणि तारण? नजरगहाण असले तर घर ऋणकोच्या ताब्यात राही, ताबेगहाण असले तर सावकार आत येई. तिसरा प्रकार गहाणलहाण खरेदीचा. त्यात मुदतीत पैसे न आले तर गहाण हीच विक्री ठरे. बापाने लेकीच्या लग्नासाठी घर गहाण टाकावे आणि मुलाने त्याच घरात भाडेकरू म्हणून राहावे, हे चित्र गावोगाव दिसे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाचे भाव चढले होते. तेव्हा कर्ज सहज मिळाले. युद्ध संपले, भाव पडले, सारा मात्र वाढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले आणि लोण आसपासच्या गावांत पसरले. त्यांनी विशेषेकरून मागितले ते दागिने नव्हेत, तर कागद. कर्जरोखे हाती आले की त्यांची होळी केली. चौकशी होऊन १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. न्यायाधीशाला कागदावरच्या आकड्यामागे जाऊन, मुळात दिले किती आणि फिटले किती, हे तपासण्याचा अधिकार त्याने दिला. घराच्या कर्जाच्या इतिहासात ही घटना मला फार मोलाची वाटते. कागदावर अंगठा आहे एवढ्याने हिशेब खरा ठरत नाही, हे तत्त्व तेव्हा प्रथमच इतक्या ठळकपणे कायद्यात उतरले.

* * *

तरीही मुख्य अडचण व्याजाच्या दराची नव्हतीच. ती मुदतीची होती. घर शंभर वर्षे टिकते, माणसाचा पगार महिन्याला येतो आणि सावकाराचा कागद दोन-तीन वर्षांत भरावयाचा. ह्या तीन काळांचा मेळ बसेना. गृहकर्जाचा पुढचा सारा इतिहास हा मेळ बसवण्याचा इतिहास आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दाटीच्या वस्तीचे भय सरकारला कळले. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने रस्ते काढले, जमिनी सपाट केल्या, गावदेवी आणि पुढे दादर-माटुंगा येथे भूखंड पाडले आणि ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देऊ केले. जमिनीची पूर्ण किंमत एकदम मोजावी लागणार नाही, ही सोय झाली. पण भूखंडावर इमारत उभी करण्याइतका पैसा एकट्या कारकुनाजवळ किंवा मास्तराजवळ कोठून असणार? त्याचे उत्तर सहकाराने दिले. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला होता. श्रीपाद सुब्राव तल्मकी यांनी १९०६ साली शामराव विठ्ठल सहकारी बँक काढली आणि १९१५ साली गावदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिथे इमारत कोणा एकाची नाही, ती संस्थेची; आणि संस्था सर्व सभासदांची. म्हणजे राहणारा एका बाजूने भाडेकरू आणि दुसऱ्या बाजूने मालक. आपणच आपल्याला भाडे द्यायचे आणि त्यातून कर्ज फेडायचे, ही कल्पना आज आपल्याला साधी वाटते, पण घरमालक नावाच्या माणसाशिवायही घर असू शकते हे त्या दिवसांत एक नवलच होते. आजही कोणाच्या कपाटात सोसायटीचा भागदाखला असेल तर तो काढून पाहावा. घराची किंमत लाखांत किंवा कोटींत असली, तरी दाखल्यावर पन्नास-पन्नास रुपयांचे काही भाग लिहिलेले असतात. त्या पन्नास रुपयांत ही शंभर वर्षांची गोष्ट आहे.

ज्यांना सोसायटी जमली नाही, ते चाळीत राहिले. सरकारनेही १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बी. डी. डी.च्या २०७ चाळी बांधल्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने चाळकऱ्याचे भाडे गोठवले आणि त्याला हुसकणे अवघड केले. हा मोठाच आधार होता. पण भाडे वाढत नाही म्हटल्यावर नवीन खोली देताना मालक पागडी मागू लागले. घर भाड्याचे, आणि तरीही आधी मोजावयाची रक्कम घर विकत घेतल्यासारखी! ती पागडी चाळीतल्या फंडातून, बायकांच्या भिशीतून किंवा हातातल्या पाटल्यांतून उभी राही.

पुण्याला १२ जुलै १९६१ चा दिवस विसरता येत नाही. पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतली माती-विटांची घरे काही तासांत विरघळली. ज्यांच्या वाड्यांनी पेशवाई पाहिली होती, त्यांना संध्याकाळी नेसत्या वस्त्रानिशी शाळेच्या ओट्यावर बसावे लागले. पुढे पूरग्रस्तांच्या सहकारी संस्था निघाल्या, सहकारनगरासारख्या नव्या वसाहती झाल्या. पण एक गोष्ट त्या पुराने शिकवली, ती अंदाजपत्रक करणाराने विसरू नये. घर ही ठेव आहे खरी, पण पाण्यात आणि आगीत वाहून जाऊ शकणारी ठेव आहे. एकट्या भिंतीत सगळी पुंजी पुरून ठेवणे हे पूर्वी एक वेळ चालत असेल. आता चालू नये.

* * *

नोकरदाराच्या हाती त्या काळी तीन-चारच वाटा होत्या. प्रॉव्हिडंट फंडातून उचल, सरकारी नोकर असेल तर घरबांधणीची अग्रिम रक्कम, विम्याच्या पॉलिसीवरचे कर्ज, आणि नात्यातल्यांची हातउसनवार. म्हणून बहुतेकांचे घर निवृत्तीच्या सुमारास होई. फंडाची रक्कम हाती आली, की गवंड्याला निरोप जाई. ज्या घरात मुलांनी वाढावयाचे, त्यात मुले सुटीला पाहुण्यासारखी येत. त्यातही सिमेंट मिळवणे म्हणजे दिव्य! त्यावर नियंत्रण होते. पोत्यांसाठी अर्ज करायचा, परवान्याची वाट पाहायची, तोवर अर्ध्या भिंतीवर गवत उगवायचे. १९८२ साली ते नियंत्रण काहीसे सैल झाले आणि १९८९ साली पुरते उठले.

१९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी मुंबईत एच. डी. एफ. सी. ही संस्था काढली. केवळ घरासाठी, आणि साध्या पगारदाराला, दीर्घ मुदतीचे कर्ज देणे हाच तिचा धंदा. तिने एक नवीन तारण ओळखले. गहाण घराचे असेच, पण खरा भरवसा माणसाच्या पुढच्या पंधरा-वीस वर्षांच्या मिळकतीवर ठेवला. १९८८ साली राष्ट्रीय गृहनिर्माण बँक झाली, पाठोपाठ इतर बँकाही ह्या धंद्यात उतरल्या. (ती मूळ संस्था १ जुलै २०२३ पासून त्याच नावाच्या बँकेत विलीन झाली.) निवृत्तीनंतर होणारे घर तिशी-पस्तिशीत होऊ लागले. मुले आपल्या घरात वाढू लागली. हा बदल लहान नव्हे.

पण मास्तराचा स्वभाव. हिशेब घातल्याशिवाय राहवत नाही. समजा, वीस लाखांचे कर्ज, सालाचा दर शेकडा साडेआठ आणि मुदत वीस वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे १७,३५७ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले जवळजवळ १४,१६७ रुपये नुसते व्याज. मुद्दल फिटले ते अवघे ३,१९०. दहा वर्षे, म्हणजे निम्मी मुदत, बिनचूक हप्ते भरले तर पावणेएकवीस लाखांहून अधिक रुपये दिलेले असतात. तेव्हा बाकी किती असावी? अजून सुमारे चौदा लाख! वीस वर्षांत एकूण साडेएकेचाळीस लाखांहून अधिक भरावे लागतात. त्यांतले सुमारे एकवीस लाख पासष्ट हजार हे व्याज. मुद्दलापेक्षा व्याज जास्त. जुन्या दामदुपटीची आठवण येते की नाही? अर्थात येथे दामदुपटीचा भंग झालेला नाही. ती थकलेल्या व्याजाला लागू होती आणि हे व्याज दरमहा चुकते होत असते. बँक लबाडीही करत नाही. वीस वर्षे दुसऱ्याचा पैसा वापरला त्याचे ते मोल आहे. पण ते मोल किती, हे सही करण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक पाहिजे.

तेच कर्ज पंधरा वर्षांत फेडावयाचे ठरवले तर हप्ता सुमारे १९,६९५ रुपये होतो. महिन्याला सव्वादोन-अडीच हजारांची ओढ सोसली, तर एकंदर सहा लाखांहून अधिक वाचतात. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज व्यक्तीने मुदतीआधी फेडले तर त्यावर दंड आकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बँकांना बजावले आहे. तेव्हा दिवाळीचा बोनस आला की त्यातला काही भाग मुद्दलात टाकणे, हे सोन्याच्या वळ्यापेक्षा पुष्कळदा अधिक फायद्याचे ठरते.

बांधकामाच्या अंदाजपत्रकाविषयीही थोडे सांगावे. पाया कोठवर खणावा लागेल, हे जमिनीच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाही. म्हणून जोत्यापर्यंतचा खर्च अंदाजाबाहेर जातो आणि मालक तेथेच धास्तावतो. वाळू-खडी ब्रासवर, वीट हजारावर, लोखंड वजनावर, गवंडी-बिगारी रोजावर; प्रत्येकाचे माप वेगळे आणि भाव महिन्याला बदलणारे. पण अंदाजपत्रक फसते ते बहुधा ह्या कलमांत नव्हे. ते फसते त्यात न लिहिलेल्या कलमांत. बांधकाम चालू असतानाचे जुन्या घराचे भाडे, तोवर चालू झालेले व्याज, दस्तनोंदणी, पाणी आणि विजेच्या जोडण्या, कुंपण, वास्तुशांतीचे जेवण. सरकारी अंदाजपत्रकातही आकस्मिक खर्चाची एक ओळ राखलेली असते; ती आपण का राखू नये? बांधलेले घर विकत घ्यावयाचे असेल तर कायद्याची मदत आहे. १९६३ च्या महाराष्ट्राच्या सदनिका कायद्याने, लेखी करार नोंदवण्याआधी बिल्डरने वीस टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये, असे ठरवले. २०१६ च्या कायद्याने ती मर्यादा दहा टक्क्यांवर आणली आणि घेणाऱ्यांच्या पैशांतला सत्तर टक्के भाग वेगळ्या खात्यात, त्याच बांधकामासाठी ठेवण्याचे बंधन घातले. सुप्याच्या शेतकऱ्याला १८७५ मध्ये जे हवे होते तेच हे आहे. कागद आणि हिशेब उघडा असावा.

* * *

ह्या साऱ्या वहीत एक कलम मात्र पिढ्यान्‌पिढ्या लिहायचे राहून गेले आहे. वाड्याचे लाकूड असो, कोकणातली मंगळुरी कौले असोत, चाळीची पागडी असो की सदनिकेची पहिली रक्कम असो. कमी पडलेला आकडा शेवटी कोणी भरून काढला? घरातल्या बाईच्या पाटल्यांनी, बांगड्यांनी, माहेरून आलेल्या सरीने. ‘सध्या देऊन टाक, पुढच्या वर्षी करू,’ असे म्हणून घेतलेले ते सोने किती घरांत पुन्हा झाले? ते सावकाराच्या कागदात लिहिलेले नाही, बँकेच्या अर्जात ‘स्वतःची रक्कम’ ह्या शब्दांआड लपलेले आहे. शास्त्राने त्याला स्त्रीधन म्हटले. १९०८ च्या दिवाणी कायद्यानेही, ऋणकोच्या घरी जप्ती आली तरी स्वयंपाकाची भांडी, अंथरूण आणि धर्मरूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने यांना हात लावता येणार नाही, असे ठरवून दिले. न्यायालयाच्या बेलिफाला जे नेता आले नाही, ते घराच्या जोत्याने नेले. आणि तिने ते हसतमुखाने दिले. पण घराच्या कागदावर नाव लागले ते त्याचे. पुढे घर फिरले, वासे फिरले, दीर-भावजयीत वाटण्या झाल्या, की जिचे सोने पायात होते तिलाच ‘तू कोण?’ असे विचारले गेले.

हे हळूहळू बदलत आहे. १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा आपल्या बायकोच्या नावे करून दिला. महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. २०१५ साली सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेत अल्प उत्पन्नाच्या घरांवर बाईचे नाव असावे, निदान जोडीने असावे, असा दंडक आला. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली. सवलतीसाठी का होईना, पुष्कळ घरांत तिचे नाव कागदावर आले. कारण कोणतेही असो, नाव आले हे चांगले झाले.

यंदाच्या लक्ष्मीपूजनाला व्यापाऱ्याच्या वहीबरोबर आपल्याही घराची फाईल पाटावर ठेवायला हरकत नाही. अक्षता टाकण्याआधी ती एकदा सर्वांनी मिळून वाचावी. कर्ज किती उरले, दर किती, मुदत किती, विमा आहे की नाही, हे मुलांनाही ऐकू द्यावे. त्रैराशिक शिकवायला याहून चांगले गणित मिळायचे नाही. आणि पहिल्या पानावर मालकाच्या जागी कोणाचे नाव आहे, तेही पाहावे. ते एकट्याचे असेल, तर दुसरे नाव कसे घालता येईल ह्याची चौकशी दिवाळीची सुटी संपताच करावी. म्हणीने सांगितलेले ‘पाहावे’ ते हेही आहे.